मंजूर ९,५००, हजर साडेसात हजार: आयर्लंडच्या संरक्षण दलांची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या २०२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी १५० कोटी युरोंची तरतूद झाली. आदल्या वर्षी ती १३५ कोटी होती. या खात्याला एवढी रक्कम पूर्वी कधीच मिळाली नव्हती आणि बातम्यांचे मथळेही त्याच आकड्यावर थांबले. त्या सुमारास दलांच्या हजेरीपटावर साडेसात हजारांच्या आसपास माणसं होती आणि मंजूर जागा होत्या ९,५००. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तिथली अडचण लक्षात येत नाही. तिजोरी उघडली तेव्हा ती रक्कम कामाला लावणारे हातच कमी पडले होते, आणि ते हात कमी होण्याची कारणं किमान १९९० पर्यंत मागे जातात.

आधी पैशाचा हिशोब. १५० कोटींचा आकडा ऐकून हा सगळा पैसा जहाजं, रडार आणि जवानांवर जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात दोन मागण्या एकत्र केलेल्या असतात. मागणी क्रमांक ३६ ही संरक्षणाची आणि मागणी क्रमांक ३५ ही माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची. निवृत्तिवेतनालाच अलीकडच्या वर्षांत साधारण ३० कोटी युरो लागतात, म्हणजे एकूण रकमेचा पाचवा हिस्सा. ही देणी टाळता येत नाहीत आणि ती वेळेवर दिलीच पाहिजेत. पण त्यातून एकही नवी गस्त निघत नाही.

दुसरा घोळ टक्केवारीचा. २०२२ मध्ये आयर्लंडचा संरक्षण खर्च जीडीपीच्या ०.२ टक्के होता, युरोपीय संघातला सर्वांत कमी. संघाची सरासरी १.३ टक्के होती. ही तुलना दरवर्षी होते आणि दरवर्षी त्यावर तोच आक्षेप घेतला जातो, कारण आयर्लंडचा जीडीपी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्याने आणि पेटंटच्या हिशोबाने फुगलेला आहे. २०१५ मध्ये तो एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं तेव्हा खुद्द आयरिश अर्थतज्ज्ञांनीच कपाळाला हात लावला. म्हणून २०१७ पासून सांख्यिकी विभाग सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा देतो. तो जीडीपीच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो. त्या मापाने मोजलं तरी २०२२ चा खर्च ०.४ टक्क्यांच्या आसपासच येतो. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही.

आता ९,५०० कडे वळू. या आकड्याचा अर्थ दर पाच-दहा वर्षांनी बदलला आहे आणि बहुतेक वाद त्या बदलातूनच निघतात, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं.

महाराष्ट्रात सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही आकृतिबंध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोणत्या कचेरीत कोणत्या दर्जाची किती पदं मंजूर, त्याचा तक्ता. भरलेली पदं किती हा वेगळा तक्ता, आणि आज कामावर हजर किती हा तिसरा. आयरिश दलांच्या चर्चेत हे तीन तक्ते सतत एकमेकांत मिसळतात. ९,५०० हा आकृतिबंधाचा आकडा आहे: भूदल ७,५२०, नौदल १,०९४, हवाई दल ८८६. तो २०१२ मध्ये ठरला. त्या वेळी तो कमाल मर्यादा म्हणून मांडला गेला होता. त्याच्या वर जायचं नाही, कारण देश आंतरराष्ट्रीय कर्ज देणाऱ्या संस्थांच्या देखरेखीखाली होता आणि प्रत्येक खात्याचं मनुष्यबळ छाटलं जात होतं. संरक्षणाच्या गरजा मोजून कोणी ९,५०० वर पोहोचलं नव्हतं. २००० च्या श्वेतपत्रिकेत १०,५०० ठरले होते, २००९ च्या खर्चकपातीच्या अहवालाने ते १०,००० वर आणायला सांगितलं, आणि तीन वर्षांनी आणखी ५०० गेले. म्हणजे आधी पैशाची मर्यादा आली, मग तिच्यात बसेल असा तक्ता आखला गेला. पुढे हीच मर्यादा हळूहळू उद्दिष्ट बनली. ‘सरकार ९,५०० ची संख्या गाठण्यास बांधील आहे’ हे वाक्य नंतरच्या संसदीय उत्तरांत वर्षानुवर्षं येत राहिलं. ज्या आकड्याच्या वर जायला बंदी होती, तोच आता गाठायचं स्वप्न झाला.

या घसरणीत हरवलेली एक बारीक गोष्ट इथे नोंदवायला हवी. २००० च्या श्वेतपत्रिकेत १०,५०० च्या शिवाय प्रशिक्षणातल्या २५० रंगरूटांची वेगळी मोजणी होती. तो शहाणपणाचा हिशोब होता, कारण रंगरूट पटावर असतो पण पहाऱ्यावर उभा करता येत नाही. भरतीच्या दिवसापासून तीन तारे लागेपर्यंत, म्हणजे पूर्ण शिकलेला जवान होईपर्यंत, साधारण अर्धं वर्ष जातं. नौदलातला आर्टिफिसर, म्हणजे जहाजाची यंत्रं सांभाळणारा कुशल तंत्रज्ञ, तयार व्हायला चार वर्षं लागतात. हे सगळे साडेसात हजारांत धरलेले असतात. त्यात परदेशी मोहिमेवर गेलेले, मोहिमेची तयारी करणारे, नुकतेच परतून रजेवर असलेले, दुखापतीमुळे हलक्या कामावर ठेवलेले आणि प्रसूती रजेवरचेही असतात. एक माणूस सहा महिने लेबनॉनमध्ये ठेवायचा तर त्याच्यामागे दुसरा तयारीत आणि तिसरा परतलेला धरावा लागतो. तीनशेच्या तुकडीला नऊशेचा पाया लागतो. म्हणून दोन हजार जागा रिकाम्या आहेत असं म्हणताना प्रत्यक्षातली तूट त्याहून मोठी असते, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली नसते. सर्वांत खोल खड्डा असतो तो कॉर्पोरल, सार्जंट आणि तंत्रज्ञांच्या पातळीवर. तिथे माणूस बाहेरून भरता येत नाही, आतच घडवावा लागतो. सार्जंट सोडून गेला तर त्याची जागा भरायला दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि जाहिरात देऊन तो मिळत नाही.

त्यात एक चक्र आहे. रिकाम्या पदांचा पगार अर्थसंकल्पात धरलेला असतो. माणसं नसल्यामुळे तो उरतो. वर्षअखेरीस ही बचत दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवली जाते, बहुधा साहित्य आणि बांधकामाकडे. खर्च पूर्ण झालेला दिसतो, खात्याची कार्यक्षमता दिसते, आणि पगारवाढीसाठी पैसा मागायला जाणाऱ्याला सांगितलं जातं की सार्वजनिक सेवेच्या वेतनकराराबाहेर काही देता येणार नाही. गेल्या दशकातली सर्वांत मोठी चूक कोणती असं विचारलं तर हीच सांगावी लागेल. पगाराचा पैसा होता, तो पगारावर खर्च झाला नाही.

फार जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. यादवी युद्धात, १९२३ मध्ये, पन्नास हजारांच्या पुढे गेलेली सेना झपाट्याने कमी केली गेली आणि मार्च १९२४ मध्ये त्यावरून अधिकाऱ्यांचं बंड होता होता राहिलं. तेव्हापासून मोठ्या सेनेचा धसका राज्यकर्त्यांच्या मनात बसला. दुसऱ्या महायुद्धात संख्या ४०,००० च्या आसपास गेली आणि लगेच ओसरली. सक्तीची भरती स्वतंत्र आयर्लंडने कधीच केली नाही, युद्धकाळातही नाही. १९५५ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांत गेला, १९६० मध्ये काँगोत बटालियन पाठवली, आणि शांतिसेना हीच या दलाची ओळख बनली. १९७८ पासून दक्षिण लेबनॉन. भारतीय बटालियनही १९९८ पासून त्याच मोहिमेत आहे, त्यामुळे आयरिश छावण्यांचा शेजार आपल्याकडच्या अनेक माजी जवानांना ठाऊक असेल.

घरी मात्र १९७० नंतरची दोन दशकं वेगळ्याच कामात गेली. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षामुळे सीमेवर गस्त, बँकांच्या रोख रकमेच्या गाड्यांना सोबत, पोर्टलीशच्या तुरुंगाच्या भिंतीवर पहारा, मीथ परगण्यातल्या स्फोटकांच्या कारखान्यावर पहारा. पहारा म्हणजे सलग २४ तास, आणि त्याचा भत्ता अगदी थोडा. दल फुगलेलं होतं, पगार तुटपुंजे होते, आणि जवानाला तक्रार करायला कायदेशीर जागा नव्हती. तेव्हा रस्त्यावर आल्या त्या त्यांच्या बायका. १९८८-८९ मध्ये त्यांनी बराकींसमोर निदर्शनं केली आणि १९८९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारही उभे केले. सरकारला वेतन आयोग नेमावा लागला आणि १९९० मध्ये जवानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतंत्र प्रातिनिधिक संघटना कायद्याने मिळाल्या. संपाचा हक्क नाही, इतर संघटनांसारखी वाटाघाटीची पूर्ण यंत्रणा नाही, पण दार किलकिलं झालं. कामगार महासंघाशी संलग्न होण्याची परवानगी मिळायला २०२२ उजाडलं.

१९९० च्या दशकात सल्लागारांनी दलाचं सरासरी वय वाढत चालल्याचं दाखवून दिलं. उपाय म्हणून १ जानेवारी १९९४ पासून भरती होणाऱ्यांना आयुष्यभराची नोकरी मिळणं बंद झालं. पाच वर्षांचा करार, मग टप्प्याटप्प्याने बारापर्यंत. हेतू चांगला होता, तरुण दल हवं होतं. पण बारा वर्षं पूर्ण होणाऱ्यांची पहिली तुकडी दारात उभी राहिली तेव्हा लक्षात आलं की शिकलेली माणसं आपणच बाहेर घालवणार आहोत. मग मर्यादा २१ वर्षांवर नेली. ती जवळ आल्यावर पुन्हा तीच धावपळ, आणि मग वयाच्या पन्नाशीपर्यंत सेवा करू दिली. पुढे तीही मर्यादा वाढवावी लागली. प्रत्येक वेळी निर्णय अखेरच्या क्षणी झाला. चाळिशीच्या जवानाला पुढच्या वर्षी आपण नोकरीत असू की नाही हे ठाऊक नसेल आणि बाहेरची कंपनी आजच नेमणूकपत्र देत असेल, तर तो थांबणार नाही.

त्याच काळातलं दुसरं मोठं देणं म्हणजे बहिरेपणाचे दावे. गोळीबाराच्या सरावात कानांना पुरेसं संरक्षण न दिल्याबद्दल १६ हजारांहून अधिक आजी-माजी जवानांनी भरपाई मागितली. एकूण खर्च सुमारे ३० कोटी युरो झाला. कानात घालायचे बोळे वेळेवर दिले असते तर यातला बहुतेक पैसा वाचला असता. आणि कित्येकांचे कानही.

मग २००८ ची मंदी. २००९ पासून सार्वजनिक नोकरभरतीवर बंदी, पगारांत कपात. त्यातच २०१२ ची पुनर्रचना आली आणि ९,५०० च्या तक्त्यात बसवण्यासाठी तीनच्या दोन ब्रिगेड झाल्या. अॅथलोनमधलं पश्चिमेचं ब्रिगेड मुख्यालय गेलं, कॉर्क आणि डब्लिन राहिली. क्लॉनमेल, मलिंगर, कॅव्हन आणि कॅसलबारच्या बराकी बंद झाल्या. त्याआधी १९९८ आणि २००९ मध्येही बराकी मोडीत काढल्या होत्या. कागदावर हे तर्कशुद्ध होतं. पण क्लॉनमेलमध्ये घर घेतलेला जवान आता ऐंशी-शंभर किलोमीटर गाडी चालवून कामावर जाऊ लागला, २४ तासांचा पहारा करून तेवढंच अंतर झोपेत परत येऊ लागला. पेट्रोलचा खर्च त्याचा. शिवाय छोट्या गावातली बराक म्हणजे त्या गावची भरती कचेरीच होती. बाप जिथे होता तिथे पोरगा जायचा. ती साखळी तुटली.

२०१३ पासून नव्याने येणाऱ्यांचं निवृत्तिवेतन बदललं, आणि आज बराकीत सर्वांत जास्त बोललं जातं ते याच गोष्टीबद्दल. आधीच्या योजनेत निवृत्तिवेतन अखेरच्या पगारावर ठरायचं. २०१३ नंतरच्यांचं पूर्ण सेवेतल्या सरासरी कमाईवर ठरतं. सैनिकाला इतर सरकारी नोकरांच्या आधी सक्तीने घरी पाठवलं जातं आणि सरकारी वृद्धापवेतन सुरू होतं ६६ व्या वर्षी. मधली वर्षं भरून काढणारी पूरक रक्कम जुन्यांना आहे, नव्यांना नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या, एकच काम करणाऱ्या दोन सार्जंटांपैकी एकाला ती मिळणार आणि दुसऱ्याला नाही, एवढंच कारण की दुसरा काही महिने उशिरा भरती झाला. २०१३ चे रंगरूट आता नेमके त्या टप्प्यावर आले आहेत जिथे ते दलाचा कणा बनायला हवेत, आणि जिथे माणूस बसून पुढचा हिशोब मांडतो.

याचा परिणाम सर्वांत उघड दिसला तो कॉर्कच्या बंदरातल्या हॉलबोलिन बेटावर, नौदलाच्या तळावर. नौदलाकडे २०१४ ते २०१९ या काळात इंग्लंडमध्ये बांधलेली नव्वद मीटर लांबीची चार नवी गस्ती जहाजं आली: सॅम्युएल बेकेट, जेम्स जॉइस, विल्यम बटलर येट्स आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ. प्रत्येकाला ४४ जणांचा ताफा लागतो. पण ४४ पैकी ४० आले म्हणून जहाज निघत नाही. इंजिनरूमचा पहारा पाळीपाळीने चालतो. पुरेसे परवानाधारक आर्टिफिसर नसतील तर नांगर उचलता येत नाही. वीजतंत्रज्ञ, वैद्यकीय सहायक आणि स्वयंपाकी यांचंही तेच. मग बाजूच्या जहाजावरून माणूस उसना घेतात. तो नुकताच चार आठवड्यांची गस्त करून आलेला असतो. दोन वर्षं समुद्रावर आणि दोन वर्षं किनाऱ्यावर हे चक्र कागदावर आहे, पण कमी असलेल्या कसबाच्या माणसाला किनाऱ्याची दोन वर्षं पूर्ण मिळत नाहीत. ज्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच सर्वांत जास्त ओढलं जातं, तो राजीनामा देतो, आणि ओढ पुढच्याच्या गळ्यात पडते. कॉर्क बंदराच्या भोवती औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. त्यांना बॉयलर, जनरेटर आणि पंप समजणारी शिस्तीची माणसं हवीच असतात, आणि तिथला कामगार रात्री घरी जातो.

२०१९ मध्ये एथना आणि ओर्ला ही दोन जहाजं माणसांअभावी धक्क्याला बांधली गेली. जुलै २०२२ मध्ये एथना, ओर्ला आणि किएरा ही तिन्ही जहाजं सेवेतून काढली. २०२३ च्या सुरुवातीला रोशीन आणि नीव बाजूला ठेवली. त्या वर्षी नौदलाची संख्या १,०९४ मंजूर जागांपुढे ८०० च्याही खाली गेली. बांधून ठेवलेलं जहाज म्हणजे बचत नव्हे. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात, रबरी सील सुकतात, जनरेटर फिरवत ठेवावे लागतात, आणि तेही करायला तंत्रज्ञच लागतो. न्यूझीलंडकडून २ कोटी ६० लाख युरोंना घेतलेल्या दोन लहान नौका मे २०२३ मध्ये कॉर्कला पोहोचल्या. त्या सेवेत दाखल झाल्या सप्टेंबर २०२४ मध्ये.

उपाय झालेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ मध्ये लष्करी सेवा भत्ता १० टक्क्यांनी वाढला आणि मंदीत कापलेले काही भत्ते परत आले, पण त्या सगळ्या करारावर वर्षाला सुमारे १ कोटी युरोच लागणार होते. एवढ्याने गळती थांबेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक होतं. २०२१ पासून २४ महिने समुद्रसेवेची हमी देणाऱ्या नौसैनिकाला १०,००० युरो मिळू लागले. २०२२ मध्ये तीन तारे लागल्यावर तीन वर्षं त्याच पगारपायरीवर थांबवण्याची अट काढली, ती फार आधी जायला हवी होती. हवाई दलाने वैमानिकांसाठी सेवाहमीची रक्कम परत आणली. यातलं बरंचसं योग्य होतं, फक्त दरवेळी दोन-तीन वर्षं उशिरा झालं.

संरक्षण दलांच्या भवितव्याचा विचार करायला डिसेंबर २०२० मध्ये नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल दिला. आदल्याच महिन्यात रशियाने आयर्लंडच्या नैऋत्येला समुद्रात क्षेपणास्त्र सराव जाहीर केला होता आणि कॉर्कच्या मच्छीमारांच्या विरोधानंतर तो आयर्लंडच्या आर्थिक क्षेत्राबाहेर हलवला होता. अहवालानंतर पंधरा दिवसांत युक्रेनवर आक्रमण झालं. एरवी कपाटात गेला असता असा अहवाल त्यामुळे टेबलावर राहिला. आयोगाने तीन पातळ्या मांडल्या. पहिली म्हणजे आहे ते चालू ठेवणं, सुमारे ११० कोटी युरो वर्षाला. दुसरी सुमारे १५० कोटी, आणि तिसरी, स्वतःचं आकाश आणि समुद्र पूर्ण राखण्याची, सुमारे ३०० कोटी. सरकारने जुलै २०२२ मध्ये दुसरी पातळी स्वीकारली, २०२८ पर्यंत गाठायची, आणि आकृतिबंधात २,००० ची भर, म्हणजे ११,५००.

इथे दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. १५० कोटी हा आकडा २०२२ च्या किमतींनी होता. २०२६ मध्ये तरतूद १५० कोटींवर गेली म्हणून दुसरी पातळी दोन वर्षं आधी गाठली असं मांडलं जातं, पण मधल्या वर्षांतली महागाई वजा केली की ते खरं उरत नाही. आणि ११,५०० चं लक्ष्य जाहीर झालं त्या वर्षी, २०२२ मध्ये, साडेचारशेच्याही आत माणसं दलात आली आणि नऊशेच्या जवळपास बाहेर पडली. २०२३ मध्येही बाहेर जाणारे जास्तच होते. २०२४ मध्ये भरती सातशेच्या वर गेली आणि घसरण जवळपास थांबली. हे यश लहान नाही. पण आहे तेवढं टिकवून ठेवणं आणि चार हजार माणसं वाढवणं यांत फार अंतर आहे.

भरतीची नळीही अरुंद आहे. अर्ज, मानसमापन चाचणी, शारीरिक चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी. शारीरिक चाचणीत २.४ किलोमीटरची धाव असते, पुरुषांना ११ मिनिटं ४० सेकंद आणि स्त्रियांना १३ मिनिटं १० सेकंद. सराव केलेल्या तरुणाला हे अवघड नाही. अर्जदार हातचे जातात ते मधल्या वाटेत. दलातच डॉक्टर कमी, म्हणून तपासणीची तारीख उशिरा. तोपर्यंत मुलाला दुसरीकडे काम मिळतं, आणि बेरोजगारी साडेचार-पाच टक्के असलेल्या देशात ते पटकन मिळतं. वयाची मर्यादा अलीकडे ३९ पर्यंत वाढवली, तपासणीचं काही काम बाहेर दिलं. दरम्यान २०२३ मध्ये दलातल्या लैंगिक छळ आणि दडपशाहीबद्दलचा स्वतंत्र चौकशी अहवाल आला, २०२४ मध्ये न्यायाधिकरण नेमलं गेलं. पूर्वी दलात असलेल्या स्त्रियांनी उघडपणे बोलायचं ठरवलं म्हणून हे झालं. आपल्या मुलीला तिथे पाठवायचं की नाही हे आई-बाप या अहवालाकडे पाहून ठरवतात, आणि ते बरोबरच आहे.

या सगळ्यावर सावली धरून बसला आहे तो ‘तिहेरी कुलूप’ हा शब्द. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर सरकारचा निर्णय, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची मंजुरी आणि संयुक्त राष्ट्रांचा आदेश, अशा तीन किल्ल्या लागतात. मूळ १९६० च्या कायद्यात आहे, पण कुलूप हा शब्द रूढ झाला तो २००१ मध्ये युरोपीय संघाचा नीस करार सार्वमतात हरल्यावर, मतदारांना तटस्थतेची खात्री देण्यासाठी. २००३ मध्ये मॅसेडोनियात युरोपीय संघाची मोहीम गेली, तिला संयुक्त राष्ट्रांचा आदेश नव्हता, म्हणून आयर्लंड बाहेर राहिला. २०२५ मध्ये सरकारने तिसरी किल्ली काढून टाकणारा आणि बाराची मर्यादा पन्नासवर नेणारा मसुदा आणला. समर्थक सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराकडे बोट दाखवतात, विरोधक तटस्थतेकडे. दोन्ही बाजूंचं म्हणणं गंभीर आहे. मात्र २०२४ मध्ये सीरिया-इस्रायल सीमेवरच्या गोलन टेकड्यांवरून सुमारे १३० जणांची तुकडी परत आली ती कुलपामुळे नव्हे. तिथला आदेश चालूच होता, दोन ठिकाणी पुरतील एवढी माणसं नव्हती. संसदेत जितके तास कुलपावर बोललं गेलं, त्याचा चौथा हिस्सा जरी निवृत्तिवेतनाच्या फरकावर खर्च झाला असता तरी बरंच सुटलं असतं.

साहित्याची बाजू सध्या वेगाने पुढे सरकते आहे. २०२६ ते २०३० साठी भांडवली खर्चाला १७० कोटी युरो राखले आहेत. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या, जहाजामागून ओढायच्या सोनार यंत्रणेचं कंत्राट जून २०२५ मध्ये झालं, लष्करी रडार येऊ घातलं आहे, समुद्रावर नजर ठेवणारी दोन नवी विमानं २०२३ मध्येच आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्राखालच्या केबलींजवळ घुटमळणारं रशियन जहाज आयरिश समुद्रात दिसलं, त्यानंतर या खरेदीला कोणी फारसा विरोध करत नाही. पण सोनारच्या पडद्यासमोर बसून कानात येणारा आवाज व्हेलचा की पाणबुडीचा हे सांगणारा माणूस विकत मिळत नाही. रडार चोवीस तास चालतं, त्याला किमान चार-पाच पाळ्यांचे तंत्रज्ञ लागतात. हवाई दलाच्या बाल्डोनेल तळावर नियंत्रकच पुरेसे नसल्यामुळे काही काळ विमानतळ ठरावीक तासांपुरताच चालवावा लागला होता.

आणि आता लेबनॉन. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने तिथली मोहीम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवून पुढच्या वर्षभरात माघार घ्यायचं ठरवलं. आयर्लंडचे तीनशेहून अधिक जवान तिथे असतात. ते परतले की देशातली टंचाई कमी होईल, असा सरळ हिशोब मांडला जातो. पण परदेशी मोहिमेचा भत्ता करमुक्त असतो, आणि सहा महिन्यांच्या एका फेरीत साध्या जवानाला घराच्या कर्जाची पहिली रक्कम उभी करता येते. कित्येक जण त्या एका फेरीसाठी दलात थांबतात, काही जण त्यासाठीच भरती होतात. १९७८ पासून जवळपास प्रत्येक पिढीच्या कमाईत ही फेरी धरलेली आहे. तिच्या जागी काय देणार, हे २०२६ च्या तरतुदीतल्या कोणत्याही लेखाशीर्षावर लिहिलेलं नाही.